एन्रॉनचं उदाहरण दिलंत ते बरं झालं

दादा, परदेशी गुंतवणुकीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की परदेशी कंपनीला फक्त स्वस्त मजूर आणि टॅक्समाफी हवी असते, 'गुंतवणुकीचं वातावरण' वगैरे सगळं लोटांगण घालायचे बहाणे, पुरावा म्हणजे दाभोळचं एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा कोकणातला वीज प्रकल्प. एन्रॉनवरचा राग मलाही आहे, पण मी त्यातून नेमकं उलटं शिकलो.

१९९१ ला देशाचं सोनं गहाण पडलेलं, वीज मंडळाची तिजोरी खडखडीत, उद्या बिल कोण चुकवणार याची कुणालाच खात्री नाही. अशा ठिकाणी पैसा यावा म्हणून सरकारने काय काय कबूल केलं बघा, भांडवलावर १६ टक्के परतावा, दर डॉलरला बांधलेला, वीज घ्या न घ्या ठरलेले पैसे द्यायचेच, वर केंद्राची काउंटर गॅरंटी (राज्याने पैसे बुडवले तर केंद्र देणार), आणि हे सगळं टेंडर न काढता! वर्ल्ड बँकेने १९९३ लाच हे परवडणारं नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. म्हणजे वातावरण खराब होतं त्याची भरपाई म्हणून या सवलती द्याव्या लागल्या. मग १९९५ ला सरकार बदललं, करार रद्द, आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प पुन्हा मंजूर! २००१ ला प्लांट बंदच पडला.

व्होडाफोन या मोबाईल कंपनीचं पण तेच. परदेशात झालेल्या तिच्या सौद्यावर सरकारने इथे टॅक्स मागितला होता. जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला तर दोन महिन्यांत बजेटमध्ये कायदाच मागच्या तारखेने, थेट १९६२ पासून बदलायला काढला. टॅक्स लावा हो, जरूर लावा, पण आधी सांगून लावा. ती दुरुस्ती मागे घ्यायला २०२१ उजाडलं.

मजुरीचं म्हणाल तर माझा मामेभाऊ चाकणला जॉबवर्क करतो, त्याच्याकडे जर्मन पार्टी आली होती, मजुरीचा दर त्यांनी एकदाच विचारला, बाकी सगळा वेळ लाईट किती तास जाते, बंदरातून माल सुटायला किती दिवस लागतात आणि पेमेंट अडकलं तर कोर्टात किती वर्षं जातात. शेवटच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

प्रकल्पात स्थानिक लोक भरडले जातात हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, तो माझ्या लेखात राहूनच गेला. जून १९९७ ला पहाटे पहाटे पोलीस एन्रॉनला विरोध करणाऱ्या, प्रकल्पाशेजारच्या वेलदूर गावातल्या कोळ्यांच्या घरांत घुसले होते, बायकांना सुद्धा मारलं. हेही वातावरणातच धरायला हवं, लेखात आजच घालतो.