ॲशच्या रेषांवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना फसवून, म्हणजे गटात मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे साथीदार बसवून, दिलेल्या रेषेएवढी रेषा ओळखायला लावली आणि त्यावरून 'माणसं मेंढरं असतात' असं ठरवलं. इतक्या कृत्रिम प्रयोगाला काय अर्थ?

कॉलेजच्या मुलांचा मुद्दा एकदम रास्त आहे. ॲशच्या १९५६ च्या अहवालात १२३ जण होते, सगळे पुरुष, सगळे विद्यार्थी. १९८० मध्ये पेरिन आणि स्पेन्सर या संशोधकांनी इंग्लंडमध्ये तोच प्रयोग केला, तर ३९६ फेऱ्यांपैकी एकाच वेळी कुणीतरी गटाच्या चुकीमागे गेलं. पण २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चुकांचं प्रमाण पुन्हा ३३ टक्के निघालं. म्हणजे हा आकडा माणसाचा स्वभाव म्हणून सांगताच येत नाही.

कृत्रिमतेबद्दल मात्र मी ठाम असहमत आहे. प्रश्न राजकारणाचा असता तर समोरच्याला गटाचं पटलं की तो दबला, हे कळलंच नसतं. रेषेला एकच बरोबर उत्तर असतं. एकट्याने सांगताना चूक एक टक्क्याहून कमी. तसाच माणूस रांगेत जवळपास शेवटी बसतो, आधीचे सगळे साथीदार ठामपणे चुकीची रेषा सांगतात, आणि चूक सुमारे ३७ टक्क्यांवर जाते. रेषांत सात इंचांचा फरक ठेवला तरी काही जण गटासोबत गेले! गटाचा परिणाम इतका स्वच्छ वेगळा काढता आला, तो कृत्रिमतेमुळेच.

खरी उणीव मला दुसरीकडे दिसते. ॲशने नंतर प्रत्येकाशी बोलून घेतलं. कुणाला आपल्याच नजरेत दोष वाटला होता, कुणाला बरोबर उत्तर माहीत असूनही वेगळं पडायचं नव्हतं, कुणाला प्रयोग बिघडवायचा नव्हता. टक्केवारीत हे तिघे एकच होऊन जातात.

आणि मेंढरांचं म्हणाल, तर ते ॲशच्या माथी मारू नका. जवळपास दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, सुमारे पाव लोक एकदाही बधले नाहीत. गटात खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुका पूर्वीच्या पावपट उरल्या. पाठ्यपुस्तकांत एक तृतीयांश चुका ठळक छापतात आणि हा सोबती गाळतात, याचा मला मनापासून राग येतो. माझ्या लेखी ॲशच्या कामातला सगळ्यात मोलाचा शोध तोच आहे.