‘कप अंबानींनी विकत घेतले’ म्हणणाऱ्यांना एका पुणेकराचं उत्तर

आयपीएल तोंडावर आली की एक फॉरवर्ड ठरल्यासारखा येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: “मुंबई इंडियन्सने पाच कप जिंकले नाहीत, अंबानींनी विकत घेतले. सगळ्यात जास्त पैसा त्यांचा, तयार स्टार त्यांचे, अंपायरही त्यांचेच. आणि रोहितला कर्णधारपदावरून काढलं त्या दिवशी संघ संपला.” खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग.

मी पुण्याचा. मुंबईची वकिली करायची मला काडीची हौस नाही. २०१७ ची फायनल अजून घशात अडकलेली आहे, तिच्याकडे येतोच. पण खोटं ते खोटं, आणि या चार वाक्यांतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासायला गेलं की पायाखालून सरकतं.

“सगळ्यात जास्त पैसा त्यांचा.”

२००८ मध्ये रिलायन्सने मुंबईच्या संघासाठी ११.१९ कोटी डॉलर मोजले. आठ संघांत ही सर्वात मोठी रक्कम, यात वाद नाही. मल्ल्यांनी बेंगळुरूसाठी मोजलेली रक्कम त्याहून जेमतेम तीन लाख डॉलरने कमी होती, हे मात्र फॉरवर्डमध्ये कधी नसतं. सगळ्यात स्वस्त गेला राजस्थान, ६.७ कोटी डॉलरला. पहिला कप कोणी नेला? राजस्थानने. मुंबई पाचवी आली. सचिन दुखापतीमुळे सुरुवातीला बाहेर, त्याच्या जागी कर्णधार झालेल्या हरभजनने मोहालीत श्रीशांतच्या थोबाडीत मारली आणि उरलेल्या मोसमाची बंदी ओढवून घेतली, मग धुरा पोलॉककडे. पहिले चारही सामने गेले. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत सातवा क्रमांक. २०१० मध्ये डी. वाय. पाटील मैदानावर फायनल गाठली ती चेन्नईकडून २२ धावांनी हरायला. २०११ आणि २०१२ मध्ये प्लेऑफमधून, म्हणजे बाद फेरीतून घरी. पाच वर्षं मालक तेच, तिजोरीही तीच, आणि आयपीएलचा कप एकही नाही.

कारण साधं आहे. संघ विकत घेताना काय वाटेल ते मोजा, खेळाडूंवर खर्चायची पर्स सगळ्यांना सारखीच असते. २००८ मध्ये ती ५० लाख डॉलर होती, २०१४ मध्ये ६० कोटी रुपये, २०१८ मध्ये ८०, २०२५ मध्ये १२०. उलट पहिल्या वर्षी मुंबईचा हात या नियमाने चांगलाच आखडला. ‘आयकॉन’ म्हणजे संघाचा चेहरा ठरलेल्या खेळाडूला संघातल्या सर्वात महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे, असा नियम होता. जयसूर्याला ९.७५ लाख डॉलरला घेतलं, त्यामुळे सचिनचे आपोआप ११.२१ लाख झाले. दोघांतच पर्सचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग उडाला. हैदराबादच्या लक्ष्मणने आयकॉन व्हायलाच नकार दिला, संघाला खरेदीसाठी चार पैसे जास्त उरावेत म्हणून. सचिनच्या बाबतीत मुंबईला असा विचार करणं शक्य तरी होतं का!

आणि मालकाच्या खिशावरच कप ठरत असता, तर सगळे कप गहुंजेला, आमच्या पुण्याच्या मैदानावर यायला हवे होते. २०१० मध्ये सहाराने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलर मोजले, मुंबईच्या तिपटीहून जास्त. पुणे वॉरियर्सचं प्रगतिपुस्तक असं: दहा संघांत नववे, नऊ संघांत नववे, नऊ संघांत आठवे. २०१३ नंतर दुकान बंद.

“तयार स्टार त्यांचे.”

रोहित शर्मा तयार होता, मान्य. २०११ च्या लिलावात २० लाख डॉलर देऊन त्याला घेतलं. डेक्कन चार्जर्सबरोबर २००९ चा कप त्याने आधीच उचलला होता. बाकीच्यांचं काय?

२०१३ मध्ये मुंबईचे प्रशिक्षक होते जॉन राइट. अहमदाबादेत सय्यद मुश्ताक अली स्पर्धेचा सामना बघताना त्यांच्या नजरेस गुजरातचा एक पोरगा पडला. धावणं तुटक, हात काठीसारखा ताठ, पण यॉर्कर पायाच्या अंगठ्यावर. काही आठवड्यांत तोच पोरगा बेंगळुरूत आयपीएलचा पहिला सामना खेळत होता. पहिल्याच षटकात कोहलीने चौकार हाणले आणि त्याच षटकात कोहली पायचीत झाला. ३२ धावांत तीन बळी. बुमराचं नाव त्या दिवशी कोणाला माहीत होतं? पुढची दोन वर्षंही त्याचे आकडे यथातथाच होते, तरी मुंबईने त्याला सोडलं नाही. हार्दिक पंड्या २०१५ मध्ये आला तो १० लाखांत, मूळ किमतीला. या दोघांनीही भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना एकाच दिवशी, २६ जानेवारी २०१६ ला ॲडलेडमध्ये खेळला. म्हणजे भारताच्या निवड समितीच्या आधी त्यांना मुंबईने उचललं होतं.

मुंबईला दिव्यदृष्टी होती असंही कोणी समजू नये. अणुशक्तीनगरचा सूर्यकुमार २०१२ मध्ये त्यांच्याकडेच होता. एक सामना खेळवला आणि जाऊ दिला. कोलकात्यात चार वर्षं काढून आलेल्या त्याच सूर्याला २०१८ मध्ये ३.२ कोटी देऊन परत आणावं लागलं. भारताची टोपी त्याला त्यानंतरही तीन वर्षांनी मिळाली.

महागडी खरेदी त्यांनी केली तेव्हा काय झालं, तेही बघा. २०१३ च्या लिलावातला सर्वात महाग खेळाडू मॅक्सवेल, १० लाख डॉलर, मुंबईचा. खेळला तीन सामने. कर्णधार म्हणून आणलेला रिकी पाँटिंग सहा सामन्यांत इतका चाचपडला की स्वतःच बाहेर बसला आणि सूत्रं रोहितकडे दिली. पहिला कप आला तो त्यानंतर. नाव मोठं आहे म्हणून खेळवत राहायचं, ही आपली खास देशी सवय त्या वर्षी मुंबईने मोडली. त्यातही पाँटिंगचा मोठेपणा जास्त.

आता २०१७. आमचा पुणे सुपरजायंट, वॉरियर्सनंतरचा पुण्याचा दुसरा संघ. मालक गोएंकांचा पैसा, लिलावातला सर्वात महाग खेळाडू आमचा: बेन स्टोक्स, १४.५ कोटी. त्या मोसमात मुंबईला आम्ही तीनदा हरवलं होतं, दोनदा साखळीत आणि एकदा क्वालिफायरमध्ये. हैदराबादच्या फायनलमध्ये मुंबई ७ बाद ७९. एरंडवण्यात फटाके काढून ठेवले असतील लोकांनी. तिथून कृणाल पंड्याने ४७ धावा करून त्यांना १२९ पर्यंत ओढलं. स्टोक्स तोवर इंग्लंडच्या कामगिरीवर मायदेशी परतला होता. शेवटच्या षटकात हव्या होत्या ११, चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. जॉन्सन दोन कोटींचा, मूळ किमतीला घेतलेला. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तिवारी लाँग ऑनला पोलार्डच्या हातात. तिसऱ्यावर ५१ वर खेळणारा आमचा कर्णधार स्मिथ कव्हर सीमेवर रायुडूच्या हातात. तिथे सामना गेला, पण आशा जाईना. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, दोन पळाल्या, तिसऱ्यावर धावचीत. एका धावेने. मला सांगा, यातलं नेमकं काय विकत घेतलं होतं? स्मिथचा फटका?

२०१९ चं उदाहरण तर याहून बोलकं. आदल्या वर्षीच्या लिलावात लसिथ मलिंगाला कोणीच घेतलं नव्हतं. मुंबईनेही नाही. त्यांनी त्याला गोलंदाजांचा मार्गदर्शक म्हणून डगआउटमध्ये बसवलं. २०१९ ला परत खेळाडू म्हणून घेतला, मूळ किमतीला, दोन कोटींत. फायनलमध्ये त्याच्या पहिल्या तीन षटकांत ४२ धावा निघाल्या. त्यातल्या एका षटकात तर २०. तरी शेवटचं षटक त्यालाच. चेन्नईला हव्या ९, वॉटसन रक्ताळलेल्या गुडघ्यानिशी ऐंशीच्या घरात. एक, एक, दोन, मग दुसरी धाव घेताना वॉटसन धावचीत. पाचव्यावर शार्दूलच्या दोन. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या असताना मलिंगाने संथ यॉर्कर टाकला, शार्दूल पायचीत. पुन्हा एका धावेने. पालघरच्या पोराला बाद करून मुंबई जिंकली, हा आपला उगाच एक टोमणा.

२०२० च्या फायनलचा पहिला चेंडू: बोल्टने दिल्लीच्या स्टॉइनिसला बाद केलं, झेल डी कॉकचा. बोल्ट आदल्या मोसमापर्यंत दिल्लीचाच होता, दिल्लीनेच तो मुंबईला दिला होता. डी कॉक बेंगळुरूने २.८ कोटींत सोडलेला. समोरचा विकतो काय आणि आपण उचलतो काय, याला व्यवहार म्हणतात. तो पर्सच्या आत राहूनच करावा लागतो.

“अंपायर त्यांचेच.”

याचा पुरावा म्हणून एकच क्लिप फिरते. २८ मार्च २०१९, बेंगळुरू. शेवटच्या चेंडूवर मलिंगाचा पाय रेषेच्या बराच पुढे, नो-बॉल दिला गेला नाही, मुंबई सहा धावांनी जिंकली. चूक ढळढळीत होती. कोहली भडकला, आणि रोहितनेही अंपायरिंगवर टीका केली, कारण बुमराच्या षटकात एक वाइड चुकीचा दिला गेल्याची त्याची तक्रार होती. हा दुसरा भाग क्लिपमधून कापलेला असतो. पुढच्या मोसमापासून पुढच्या पायाचा नो-बॉल बघायचं काम टीव्ही अंपायरकडे गेलं. म्हणजे ही पळवाट बुजली. त्या मोसमात कप कोणी जिंकला? मुंबईनेच. टॉसचं नाणं मुंबईच्या बाजूने फिरवल्याचा आरोप करणारे व्हिडिओ आले २०२४ मध्ये, आणि त्या वर्षी मुंबई तळाला होती. इतका खर्च करून शेवटचा नंबर घेणारा फिक्सर मी तरी पाहिलेला नाही.

“रोहितला काढलं आणि संघ संपला.”

तारखा बघा. शेवटचा कप २०२०. २०२१ मध्ये पाचवे, कर्णधार रोहित. २०२२ मध्ये पहिले आठ सामने सलग हरून दहावे, कर्णधार रोहित. हार्दिक कर्णधार म्हणून आला तो २०२४ च्या मोसमाआधी. घसरण त्याच्या आधीच लागली होती आणि तिचं मूळ २०२२ च्या मोठ्या लिलावात आहे. चौघांनाच राखता येत होतं. रोहित, बुमरा, सूर्या, पोलार्ड राखले. हार्दिक, कृणाल, डी कॉक, बोल्ट, राहुल चहर गेले. मग ईशान किशनवर १५.२५ कोटी आणि जोफ्रा आर्चरवर ८ कोटी. आर्चर त्या मोसमात खेळणार नाही हे माहीत असूनही. पोलार्डने तर मोसमाच्या मध्यातच आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. हार्दिकने त्याच वर्षी गुजरातला कप जिंकून दिला, हे मीठ वेगळंच. २०२३ मध्ये सावरले तेही कोणामुळे, तर आकाश मधवालमुळे. हा आदल्या वर्षी जखमी सूर्याच्या जागी २० लाखांत आलेला. चेपॉकच्या एलिमिनेटरमध्ये त्याने लखनौचे पाच बळी पाच धावांत घेतले. साडेसतरा कोटींचा ग्रीनही त्याच संघात होता.

पैशाचा काहीच उपयोग झाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. देशभर माणसं फिरवून पोरं हेरायची, त्यांना वर्षभर सरावाला ठेवायचं, हे गरिबाचं काम नाही, आणि ते पर्समध्ये मोजलंही जात नाही. पण पर्सबाहेरचा पैसा थेट खेळाडूवर लावायची मोकळीक दोनदा मिळाली. २०१० मध्ये पोलार्डसाठी चार संघ ७.५ लाख डॉलरच्या कमाल बोलीवर अडकले, तेव्हा बंद पाकिटात गुप्त बोली लागली. वरची रक्कम आयपीएलकडे जमा, आकडा गुलदस्त्यात. तिथे रिलायन्सची तिजोरी बोलली, हे कबूल करायलाच हवं. त्या पोलार्डलाही पहिल्याच वर्षीच्या फायनलमध्ये आठव्या क्रमांकावर पाठवलं, तो दहा चेंडूंत २७ करून गेला आणि सामनाही गेला. त्यानंतर मात्र त्याने पाचही कपांत हात लावला.

दुसरी मोकळीक २०२३ च्या अखेरीस. हार्दिकला गुजरातकडून परत आणताना जे हस्तांतर शुल्क दिलं, ते पर्सच्या बाहेरचं आणि तेही जाहीर न केलेलं. जागा करायला ग्रीनला बेंगळुरूकडे धाडलं. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबाने हा कप तर नक्कीच यायला हवा होता. वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी नव्या कर्णधाराची हुर्यो उडवली, १४ पैकी ४ सामने जिंकले, दहावा क्रमांक.