नाव तेच, जागा तीच

महाप्याच्या आमच्या कार्यालयात गेल्या आठवड्यात सर्व लॅपटॉपवर उबुंटू ही संगणकप्रणाली नव्याने बसवण्यात आली आणि त्यात माझी ‘डॉट बॅशआरसी’ ही फाइल निवर्तली. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडताच त्या आज्ञा पार पाडणारे बॅश शेल जी फाइल वाचते, ती ही. कित्येक वर्षांत जमवलेले अलायस, म्हणजे लांब आज्ञांची छोटी नावे, तीत होते, प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञेआधी दिसणाऱ्या मजकुरात, गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची चालू शाखा दाखवण्याची सोय होती, आणि प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर शिरताना पार्श्वभूमी लाल करणारे एक फंक्शन होते, ज्याने माझी नोकरी एकदा तरी नक्की वाचवली आहे.

सकाळी सवयीने बोटांनी ‘जीएस’ टंकले. माझ्या लेखी त्याचा अर्थ गिट स्टेटस, कोडमधले बदल दाखवणारी आज्ञा. पण अलायसच उरला नसल्याने त्याच नावाने चालणारे घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारे साधन जागे झाले, त्याने स्वतःच्या कॉपीराइटची माहिती सविस्तर ऐकवली आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत ते बसून राहिले.

सपोर्ट विभागातले गृहस्थ तत्परतेने आले, हे मान्य करायला हवे.

“मॅडम, डेस्कटॉप आलं, डॉक्युमेंट्स आलं. राहिलं काय?”

मी फाइलचे नाव सांगितले. त्यांनी होम फोल्डर वरखाली केले आणि अशी फाइल मुळात नव्हतीच, असा निर्वाळा दिला. मी कंट्रोल आणि एच दाबून लपलेल्या फायली दाखवताच त्यांचा चेहरा उजळला.

“ही काय! आहे की!”

ती माझी नव्हे, नवे खाते उघडताना ‘एटसी-स्केल’ या नमुन्यांच्या फोल्डरमधून आपोआप येणारी कोरी प्रत आहे, असे मी समजावले.

“पण नाव तेच ना?”

“तेच.”

“जागा?”

“तीच.”

“मग रिस्टोअर झाली म्हणायची.”

भाडेकरूचे सामान रस्त्यावर फेकून ‘खोली तर तीच आहे’ म्हणावे, तसे हे होते. आत असे होते तरी काय, असे त्यांनी विचारले तेव्हा सोपे करून सांगावे म्हणून मी ‘शॉर्टकट’ म्हटले. त्यावर ते म्हणाले, “शॉर्टकट सगळे आलेत, मॅडम. डेस्कटॉपवर बघा.”

खरे तर या लपंडावाचे मूळ फार जुने आहे. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या आरंभीच्या काळात ‘एलएस’ या आज्ञेने दिसणाऱ्या फायलींच्या यादीत एक टिंब (हेच फोल्डर) आणि दोन टिंबे (वरचे फोल्डर) या नोंदी दिसू नयेत म्हणून कोणीतरी नावाचे केवळ पहिले अक्षर तपासण्याचा आळशी उपाय केला, आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल कायमची पडद्याआड गेली. त्या आळसाची फळे आज आमच्या बॅकअपपर्यंत पोहोचली आहेत. त्यात टिंबवाल्या फायली धरतच नाहीत.

“तुम्ही कुठेतरी ठेवायची ना कॉपी,” असा सल्ला जाताजाता मिळाला. कुठे ठेवायची? खासगी गिट रिपॉझिटरीला, म्हणजे कोडच्या कोठाराला, सुरक्षा धोरणाची बंदी, पेनड्राइव्हचे पोर्ट बंद, आणि कंपनीच्या रिपॉझिटरीत ग्राहकांच्या प्रकल्पांखेरीज काही ठेवल्यास खुलासा द्यावा लागतो. बोटांना लागलेले वळण मात्र फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत कोणाच्याच हिशेबात नाही.

मी रीतसर तिकीट, म्हणजे सपोर्टकडे तक्रार, नोंदवले. ‘शेल’ असा प्रकार यादीत नसल्याने त्यातल्या त्यात जवळचा ‘कीबोर्ड व माऊस’ निवडावा लागला. संध्याकाळी स्टोअरमधला मुलगा नवा माऊस देऊन गेला आणि तिकीट ‘समाधानकारकरीत्या’ बंद झाले.