आजीच्या कुड्या, भाचीची अंगठी आणि वैरागड

गेल्या शनिवारी भर दुपारी इतवारीच्या सराफ्यात ताई आणि भाचीची जुंपली. विषय: खरा हिरा कोणता. मी मध्ये मठ्ठ्याचा ग्लास धरून बसलो होतो.

भाचीचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे. तिला प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्याची अंगठी हवी. ताईला ते नाव घेतलं तरी झोंबतं. "कारखान्यातला हिरा? सासरचे म्हणतील, पोरीला काच घातली."
"आई, काच नाही गं ती. कार्बनच आहे."
"कार्बन तर पेन्सिलीतही असतो."
ताईनं शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंय. तिच्याशी वाद घालणं सोपं नाही. पण मग ती म्हणाली, "खरा हिरा जमिनीतून निघतो. कोळसा लाखो वर्षं दाबून राहिला की त्याचा हिरा होतो."

इथं मला राहवलं नाही. आपण नागपूरकर म्हणजे कोळशाच्या उशाशी राहणारी माणसं. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचं, मुख्यालय आपल्याकडे, उमरेड-सावनेरच्या खाणी हाकेवर. हा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा. ज्या खडकांत तो सापडतो, त्यांना सगळ्या जगाचे भूशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, आपल्या गोंडांवरून. आणि बहुतेक हिरे शंभर कोटी ते साडेतीनशे कोटी वर्षांचे, दीडशे-दोनशे किलोमीटर खोल तयार झालेले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात वर फेकले गेलेले. ते घडले तेव्हा जमिनीवर एक झाड उगवलं नव्हतं. मग कोळसा आणायचा कुठून? भाचीनं मामाकडे प्रेमानं पाहिलं. ताईनं पाहिलंच नाही.

खाणीचंच बोलायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडचं बोलायला हवं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत आरमोरी गाठली की ते लांब नाही. किल्ला आहे, झाडाझुडपांत गडप होत चाललेला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना या गावाची नोंद केलीय: इथं हिऱ्याची खाण आहे, नक्षीचं कापड होतं, चांद्याच्या गोंड राजाचा अंमल आहे, आणि रानात हत्ती पुष्कळ. प्राकृतात वज्राला 'वइर' म्हणत, वज्र म्हणजे हिरा, आणि आकर म्हणजे खाण. जुन्या मराठीत हिऱ्याच्या खाणीला 'वैरागर' असाच शब्द आहे. गावावरून शब्द आला की शब्दावरून गाव, ते भाषावाल्यांनी ठरवावं. मला एवढंच कौतुक की कोहिनूर, गोवळकोंडा हे आपल्या सगळ्यांना पाठ, आणि झाडीपट्टीतल्या या गावावरून आपण गडचिरोलीला जाता-येता नुसते पुढे निघून जातो. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि तिथंच रमला. अबुल फजलच्या यादीतले हत्ती तेवढे परत आले. हिरे काही आले नाहीत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगाला हिरे मिळत ते जवळजवळ सगळे भारतातून. त्यामुळे हिऱ्याचं शास्त्रही आपलंच आणि त्यातला खुळेपणाही आपलाच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोणी कोणता हिरा वापरावा ते दिलंय. पांढरा ब्राह्मणांनी, लाल-पिवळा क्षत्रियांनी, शिरीषाच्या फुलासारखा वैश्यांनी, तलवारीच्या रंगाचा शूद्रांनी. दगडालाही सोडलं नाही! दीक्षाभूमीच्या गावात बसून हे वाचताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. दुसरी गंमत ऐरणीची. खरा हिरा घणानं फुटत नाही, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. हिऱ्यावर ओरखडा दुसऱ्या हिऱ्यानंच निघतो, हे खरं. पण ठरावीक दिशेनं ठोका बसला की तो सरळ दुभंगतो. त्या परीक्षेत किती अस्सल हिरे हकनाक गेले असतील कोण जाणे.

मग ब्राझीलमध्ये हिरे सापडले. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आवई उठवली की हे हलके, हिरा खरा तो हिंदुस्थानचाच. पोर्तुगीजांनी काय केलं? ब्राझीलचा माल गोव्याला आणला आणि तिथून हिंदुस्थानी म्हणून युरोपात विकला. खडा तोच, कार्बन तोच, फक्त गाव बदललं. ताईला हे ऐकवलं तर म्हणाली, "म्हणजे फसवणूक जुनीच आहे." मला म्हणायचं होतं की "हा खरा, तो खोटा" ही आरोळी बहुतेक वेळा तोच ठोकतो, ज्याचं दुकान आधीपासून चालू असतं.

दक्षिण आफ्रिकेत 1867 नंतर हिऱ्यांचा पूर आला. भाव कोसळतील म्हणून सगळा माल एका मुठीत धरायचा, या हिशोबानं 1888 मध्ये डी बिअर्स ही कंपनी उभी राहिली. 1947 मध्ये तिच्या जाहिरात एजन्सीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा कायमचा असतो, अशा अर्थाची चार शब्दांची इंग्रजी ओळ लिहिली. साखरपुड्याला हिरा हवाच, हे जे आज आपल्याला परंपरेसारखं वाटतं, त्याला घट्ट केलं ते अशा जाहिरातींनी. आपल्या आज्यांच्या साखरपुड्यात कुठे होती हो अंगठी? साडी, ओटी, साखरेचा पुडा. संपलं.

कायमचा म्हणता, तर मोडायला नेऊन बघा. 1853 मध्ये तिसरे रघूजी गेले, पुढच्या वर्षी डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि भोसल्यांच्या वाड्यातले जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. राजघराण्याची ती गत, तर माझी काय? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला हिऱ्यांची अंगठी घेतली होती, एका मोठ्या दुकानातून. नाव नाही सांगत. चार वर्षांनी मुलाच्या फीसाठी मोडायला नेली. सोन्याचे पैसे त्या दिवसाच्या भावानं मिळाले, घेतलं तेव्हापेक्षा जास्तच. हिऱ्यांचं काय म्हणून विचारलं. काउंटरवरच्या मुलानं बिल पाहिलं, भिंगातून खडे पाहिले, कॅल्क्युलेटरवर निम्म्याहून कमी आकडा टाइप केला आणि तो माझ्याकडे वळवला. तोंडातून एक शब्द काढला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हिरा हौसेनं घ्या, घाला, मिरवा. गुंतवणूक म्हणून घेऊ नका. आणि हौसच असेल तर जमिनीतल्याच्या किमतीच्या किती तरी कमीत मिळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला नाक मुरडायचं कारण मला दिसत नाही. हिऱ्याच्याच पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूतून कार्बनचे थर चढवतात, काही आठवड्यांत खडा वाढतो. त्याच्याही मोडीला भाव नाही म्हणा. पण तिथं बुडणारी रक्कम तरी लहान.

तर सराफ्यात. ताईनं शेवटचं अस्त्र काढलं. आजीच्या कुड्या. लाल मखमलीच्या डबीत, एकेका कुडीत सात हिरे, मध्ये एक आणि भोवती सहा. संध्याकाळी देवाजवळ समई लागली की आजीच्या कानाशी निळं-केशरी काहीतरी लुकलुकायचं, ते मला अजून आठवतं. हिऱ्यात शिरलेला उजेड जोरात वळतो, आत आपटतो, रंग सुटे होऊन बाहेर येतो. पुढे शिकलो हे. पण कळल्यावरही ते लुकलुकणं कमी झालं नाही.

"हे बघा खरे हिरे," ताई म्हणाली.

म्हातारे सराफकाका. त्यांनी पेनासारखं यंत्र काढलं, उष्णता किती भराभर वाहते त्यावरून ते हिरा ओळखतं. आधी भाचीच्या पसंतीच्या अंगठीवर टेकवलं. पीक. मग कुडीवर. पीक, पीक.
"ताई, मशीन तर दोघांनाही हिराच म्हणून राहिली. आता मी काय म्हणू?"

दुसऱ्या कुडीच्या पाचव्या खड्याशी मात्र यंत्र गप्प. काकांनी टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. गप्प. भिंग लावलं. "हा हिरा नाही जी. काच आहे. कोंदण इथं उघडून पुन्हा बसवलेलं दिसते."

कधी, कोणी, काहून, सांगायला आता कोणी नाही. एखाद्या सोनारानं दुरुस्तीत हात मारला असेल. किंवा आजीनंच एखाद्या अडचणीच्या वर्षी एक खडा काढून विकला असेल आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नसेल. मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. आजी तशीच होती.

ताई बराच वेळ कुडी तळहातावर घेऊन बसली. भाची काही बोलली नाही, शहाणी आहे. मग ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि काकांकडे जरा वाकून हळूच विचारलं, "एवढा बारीक खडा, त्या प्रयोगशाळेवाल्यांतला... केवढ्याला पडेल हो?"