खोका वाक्यं प्रमाणम्

पीसी घेताना सगळ्यात आधी टाळायचा प्रश्न म्हणजे "मला यावर नक्की काय करायचंय?" हा प्रश्न डोक्यात आला की खरेदीचा बट्ट्याबोळ ठरलेला. कारण उत्तर साधारण असं निघतं: टॅलीत नोंदी, जीएसटीचं रिटर्न, मधूनच एखादा सातबारा, रात्री यूट्यूब आणि रविवारी चिरंजीवांचा व्हॅलोरंट हा गेम. एवढ्याला पुरेल असा पीसी लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही दुकानदार चहा येईपर्यंत सांगून मोकळा होईल आणि तुमच्या खिशात चार पैसे उरतील. ही नामुष्की नको असेल तर दुकानात पाय ठेवताच "फ्यूचर-प्रूफ पाहिजे" म्हणा. चिरंजीव इंजिनिअरिंगला असतील तर तेच म्हणतील, "बाबा, कोडिंगला लागतं." तुम्ही मान डोलवा. कोडिंगला गेमिंगचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड नेमकं कशाला लागतं हे विचारणारा बाप जुनाट ठरतो.

प्रोसेसरचे दोनच आकडे पाठ करा, कोअर (आत राबणारे गडी) आणि गिगाहर्ट्झ (त्यांचा वेग). इंटेलचा आय९-१४९००के बघा: २४ कोअर, ६ गिगाहर्ट्झ. त्यातले ८ मोठे आणि १६ काटकसरी, ६ गिगाहर्ट्झ गाठतात ते एखाद-दोन कोअर आणि तेही घटकाभर, हा तपशील खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाही, तेव्हा तो नाहीच. पूर्ण जोरात आला की हा गडी एकटा २५३ वॉटपर्यंत खातो. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा धनी. लाइट गेली की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर असं सगळं गोत अंगावर आलेलं पाहून तो एकदाच 'टीं' करेल आणि मान टाकेल. पण तोवर २४ कोअर तुमचेच आहेत की.

इतक्यावर समाधान होत नसेल तर कंपनीने केलेल्या चाचण्या वाचा. आपल्या मालाची परीक्षा मालकाइतक्या मायेने दुसरं कोण घेणार? जून २०१८ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर पळवून दाखवला. टाळ्या पडल्या. मग काही खोडसाळ मंडळींनी टेबलाखाली डोकावून पाहिलं, तर तिथे पाणी गार करणारा भला थोरला चिलर बसवलेला! हाच प्रोसेसर पुढे झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स या नावाने २,९९९ डॉलरला बाजारात आला, तेव्हा त्याचा कागदोपत्री टर्बो, म्हणजे कमाल वेग, ४.३ गिगाहर्ट्झ होता. चिलर काही सोबत मिळाला नाही. टेबलही नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलने पैसे मोजून एका बाहेरच्या संस्थेकडून आपल्या आय९-९९००केची तुलना प्रतिस्पर्धी एएमडीच्या रायझन ७ २७००एक्सशी करून घेतली. तपासणाऱ्यांनी रायझनला 'गेम मोड'वर ठेवलं. गेमची चाचणी आणि गेम मोड, यात वावगं काय? एवढंच, की त्या मोडमध्ये २७००एक्सच्या आठपैकी चार कोअरना सुट्टी मिळते. गंमत अशी की इंटेलचा प्रोसेसर तसाही पुढेच होता. बोंबाबोंब झाल्यावर फेरचाचणी झाली, आघाडी आक्रसली, तरी टिकली. म्हणजे हरण्याची धास्ती नसतानाही एवढी मेहनत घेतली! अशा कष्टाळू लोकांच्या आलेखांवर शंका घेणं तुमच्या संस्कारात बसतं का?

आलेख वाचण्याचंही एक तंत्र आहे. पट्टीची लांबी बघायची, आडवी रेघ कुठून सुरू होते ते बघायचं नाही. रेघ ९० पासून सुरू केली की ९६ ची पट्टी ९३ च्या दुप्पट दिसते, आणि आपल्याला दुप्पटच हवं असतं. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, म्हणजे फ्रेम्सचा, सरासरी आकडा बघायचा, '१ टक्का लो' हा सगळ्यात संथ क्षणांचा वेग सांगणारा शेजारचा किरटा आकडा सोडून द्यायचा. सरासरी १२० आणि लो ३५ असेल तर ऐन गोळी झाडताना चित्र अडखळणार. मरताना सरासरी १२० होती हे समाधान काय कमी आहे?

स्वतंत्र परीक्षकांचा उपयोग मात्र जरा कौशल्याने करावा लागतो, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असतात. प्रोसेसरची परीक्षा घेणारा जाणता माणूस मुद्दाम सगळ्यात तगडं ग्राफिक्स कार्ड लावतो आणि रिझोल्युशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८०पीवर उतरवतो, म्हणजे कार्डाची अडचण मध्ये न येता दोन प्रोसेसरांमधला फरक उघडा पडतो. पद्धत चोख आहे. तुम्ही त्यातला फक्त फरक उचला. समजा त्याच्याकडे आरटीएक्स ४०९० वर एक प्रोसेसर १९० फ्रेम्स देतो आणि दुसरा २२०. तुमच्या घरी आरटीएक्स ४०६० हे साधं कार्ड आणि जास्त ठिपक्यांचा १४४०पीचा मॉनिटर. तिथे कार्डच सत्तरीला धापा टाकतं आणि दोन्ही प्रोसेसर त्याच्या मागे हात बांधून उभे राहतात. तरीही त्या ३० फ्रेम्सपायी दहा हजार जास्त मोजा. फ्रेम्स परीक्षकाच्या घरी असल्या तरी बिल तुमच्या नावावर आहे.

ग्राफिक्स कार्ड मात्र नावावरूनच घ्यायचं असतं. एनव्हिडिया कंपनीचं जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं भावंड आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून १६.८ वर उतरला, २ जीबी तेवढे कायम राहिले. दुकानात "डी४ का डी५?" असं चुकूनही विचारू नका, दुकानदार तुम्हाला माहितगार समजेल आणि खरं बोलून बसेल. जीटीएक्स ९७० ची कथा तर मोठी सात्त्विक. सांगितले ४ जीबी, दिले ४ जीबी, फक्त शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यांपेक्षा फारच संथ. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी कोर्टात जाऊन २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलरवर तडजोड पदरात पाडून घेतली. किती हा कोतेपणा!

सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, १६ जीबी आणि १२ जीबी. भोळ्या माणसाला वाटावं, फरक मेमरीचा. प्रत्यक्षात चिपच वेगळी होती, एकीत ९,७२८ कुडा कोअर (कार्डातले छोटे गडी) आणि दुसरीत ७,६८०. ओरड झाली, ऑक्टोबरात १२ जीबीवालं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय म्हणून १०० डॉलर कमी किमतीत आलं. आणि २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल. यात खोट काढू नका. कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि तीनपर्यंत अंदाजाने भरतं. माउस हलवल्याची दखल खऱ्या फ्रेमलाच असते, हे मॉनिटरला कुठे कळतं?

एवढा खर्च झाल्यावर काटकसर कुठे करायची? एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो चालवा. त्यावर '४५० वॉट' छापलेलं असतं आणि उचलायला तो हलका असतो, दोन्ही गोष्टी सोयीच्या. वाचलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे पंखे घ्या. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन काड्या घेण्यापेक्षा १६ ची एकच घ्या, ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन काड्यांचा जोडीने मिळणारा वेग, गेला तर गेला. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमला छापील वेगावर नेणारं एक्सएमपी चालू करू नका, म्हणजे ३६०० ची रॅम २१३३ वर निवांत राहील. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच असू द्या. शक्य झाल्यास केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावा. कार्डाचं आयुष्य वाढतं.

मग जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, खिडक्या उघड्या टाकून, सिनेबेंच ही प्रोसेसरच्या वेगाची चाचणी चालवा. पाच-सहा वेळा चालवलं की एखादा आकडा बरा येतो, तो शाळेच्या ग्रुपवर टाका. निम्मे मित्र अंगठा दाखवतील, एक जण हृदयविकाराच्या लक्षणांचा मेसेज पुढे ढकलेल.

वर्षभरात पुढची पिढी येईलच. तेव्हा जुनं विकायला काढताना कामी येईल तो खोका, तो माळ्यावर जपून ठेवा. फोन करणारा पहिल्यांदा "बिल-बॉक्स आहे ना?" एवढंच विचारतो. "वापर किती झालाय?" असं कुणी विचारलंच, तर "फारसा नाही" म्हणा. सगळ्या व्यवहारात तेवढं एक वाक्य शपथेवर सांगता येईल.