मुलीच्या ताटात पीस कधी पडणार?

आज जरा मोठी पोस्ट आहे, पण घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर वाचाच प्लीज. मी नाशिकमध्ये सातपूरकडच्या एका शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवते. प्रार्थनेला चक्कर येणाऱ्या, तिसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुली कायम दिसतात. सकाळी काय खाल्लं विचारलं की उत्तर ठरलेलं, चहा-खारी नाहीतर चहा-टोस्ट.

आणि ह्यातल्या कितीतरी जणी खाणाऱ्या घरातल्या आहेत बरं का! रविवारी मटण-चिकन शिजतं, पण पीस आधी वडलांना, मग भावाला, आणि पोरगी आईसोबत शेवटी बसते तोवर पातेल्यात रस्सा आणि एखादं हाड उरतं. रस्सा चवीला भारी असेल, प्रोटीन पीसमध्ये असतं हो. त्यात तिचे सोमवार, चतुर्थी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच.

१३ ते १५ वयाच्या मुलीला आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने दिवसाला ४३ ग्रॅम प्रोटीन लागतं, एका अंड्यात साधारण ६ असतं. ह्याच वयात उंची वाढते, पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त जातं, आणि नेमकं तेव्हाच आपण तिला "बस झालं आता" म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला. शाळेतली ती निळी आयर्नची गोळी घ्यायलाच हवी, पण तिच्यात रक्त तयार व्हायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व नसतं, आणि ते मिळतं अंडी, मासे, मटण, दूध-दह्यातूनच. मटण-मासळीतलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, लोह नीट शोषलं जात नाही.

मटण रोज परवडत नाही, मान्य. पण उकडलेलं अंडं परवडतं, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातलं सुकट, जवळा परवडतो, मूठभर सुकट कांद्यावर परतलं तरी भाकरीसोबत मस्त लागतं. न खाणाऱ्यांनी निदान वाटीभर दही आणि घट्ट वरण तिच्या ताटात वाढा, भावाइतकंच.

सरकारचंही सांगते. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीला संपतं, नववी-दहावीच्या मुली त्यात नाहीतच. त्या जेवणात २०२३ ला आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ ला त्याचा निधीच बंद करून शाळांना सांगितलं, लोकसहभागातून बघा. वस्तीतल्या शाळेने कुणाकडे मागायचं? ते अंडं परत सुरू करा, आणि दहावीपर्यंत द्या. पालकसभेत हा ठराव मांडायला कोण कोण तयार आहे, कमेंटमध्ये सांगा, मसुदा मी लिहून देते.