‘दोन वर्षं सांभाळा, मूल कायमचं तुमचं’: फॉस्टर केअरच्या मेसेजमध्ये खरं किती?

फॉस्टर केअर म्हणजे घर नसलेलं किंवा घरी राहू न शकणारं मूल काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवणं. त्याबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा आशय असा: दत्तक मुलासाठी तीन-चार वर्षं ताटकळत बसू नका. सरकारने 2024 मध्ये नियम सोपे केलेत. जवळच्या संस्थेत फॉस्टर केअरसाठी नाव घाला. संस्था मूल देते, सरकार महिन्याला 4000 रुपये देतं आणि दोन वर्षांनी मूल कायमचं तुमचं होतं. शेवटी एक टोमणाही आहे: संस्था हे कुणाला सांगत नाहीत, कारण त्यांना डोक्यामागे अनुदान मिळतं. मुलं गेली की त्यांचं दुकान बंद.

आकडे हवेतून आलेले नाहीत. 2024, 4000, दोन वर्षं, सगळं कुठे ना कुठे छापलेलं आहे. त्यामुळेच शिकलेली माणसंही हा मेसेज न तपासता पुढे ढकलतात.

‘संस्था मूल देते.’ नाही देत. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 नुसार मूल फॉस्टर कुटुंबात जातं ते बालकल्याण समितीच्या आदेशाने. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि त्याला मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांच्या वाट्याला त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम येतं. इच्छुक कुटुंब शोधायचं, घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, मूल आणि घर एकमेकांना मानवेल का ते बघायचं आणि मूल तिथे राहायला गेल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस करायची. समितीला वगळून कुणी पैसे घेऊन मूल हातात ठेवत असेल, तर ती मुलाची विक्री आहे. देणारा आणि घेणारा, दोघांनाही कलम 81 लागतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. 2021 च्या कोविड लाटेत ‘आईवडील गेले, बाळं दत्तक द्यायची आहेत, या नंबरवर फोन करा’ असे मेसेज फिरले होते. तेव्हाही महिला व बालविकास मंत्रालयाला हेच बजावून सांगावं लागलं होतं.

‘दोन वर्षांनी मूल तुमचं.’ इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घरं याच वाक्याला भुलतात.

केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फॉस्टर पालकांना मूल दत्तक घेण्यासाठी असलेली पाच वर्षं सांभाळण्याची अट दोन वर्षांवर आली, हे खरं. पण ती सवलत कोणत्या मुलासाठी? ज्याला समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवलंय, त्याच्यासाठी. फॉस्टर केअरमधली बरीच मुलं तशी नसतात. कुणाची आई मनोरुग्णालयात असते, कुणाचा बाप तुरुंगात. कुणाच्या घरात मारहाण असते, म्हणून मूल तिथून काढावं लागतं. अशा मुलाला आईवडील ठरावीक काळाने भेटू शकतात आणि ते सांभाळायला योग्य झाले असं समितीला वाटलं तर मूल त्यांच्याकडे परत जातं. हे कायद्यातच लिहिलंय. उलट, जे मूल आधीपासूनच दत्तक देण्याजोगं आहे ते दीर्घकालीन फॉस्टर केअरमध्ये देऊच नये, असंही कलम 44 मध्येच स्पष्ट आहे. म्हणजे दत्तकाची रांग चुकवायचं हे मागचं दार कायद्याने आधीच बंद केलंय. शिवाय ही मुलं प्रामुख्याने सहा वर्षांवरची असतात. मेसेज वाचून डोळ्यांपुढे येणारं पाळण्यातलं बाळ या योजनेत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ कुठे झाला असावा, याचा अंदाज येतो. दत्तक प्रक्रियेत आदेश निघण्याआधी मूल भावी पालकांकडे राहायला येतं. त्या टप्प्याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात आणि ते विशेष दत्तक संस्थेमार्फत होतं. ती वाट ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, नोंदणीतूनच जाते. तिथे तीस हजारांहून अधिक पालक रांगेत आहेत आणि दत्तकयोग्य मुलं काही हजारच. रांगेतल्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांना फॉस्टर केअरकडे वळवणं हा दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. दत्तकाच्या आशेने मूल घरी आणलेला माणूस मनातल्या मनात त्याची आई बरी होऊ नये अशी वाट बघायला लागतो. मुलाला ते कळतं. आठ वर्षांच्या मुलाला तर नक्कीच कळतं.

मेसेजने एक कामाची बातमी मात्र गाळली. नव्या सूचनांनुसार 35 ते 60 वयाच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही फॉस्टर पालक होता येतं. एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही, एवढंच. मूल परत जाऊ शकतं हे पचवायची तयारी असेल, तर अशा माणसांची गरज आहे.

‘सरकार 4000 रुपये देतं.’ मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. ती मुलाच्या जेवणाखाण्यासाठी, शाळेसाठी, औषधांसाठी आहे. पालकाचा तो पगार नाही. महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते ती राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेशी. त्या योजनेतली रक्कम 2023 मध्ये 1100 वरून 2250 रुपये झाली आणि तिथलं मूल बहुतेक वेळा आपल्याच विधवा आईकडे, आजीकडे किंवा मामाकडे राहत असतं.

आता तो दुकानाचा टोमणा. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. बालगृहांचं अनुदान मुलांच्या संख्येवर ठरतं आणि खाटा भरलेल्या ठेवण्याचा मोह त्यातूनच होतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार चालले होते, ते 2018 मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाच्या पाहणीतून बाहेर आलं. संस्थांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं सांगणारा माणूस हे प्रकरण विसरला असावा.

पण टोमण्याचा रोख चुकलाय. बालगृहातल्या अनेक मुलांना आई किंवा वडील आहेत. गरिबीमुळे, आजारामुळे, घर मोडल्यामुळे ती तिथे आहेत. ती ‘दिली जात नाहीत’ कारण ती देण्यासाठी नाहीतच. फॉस्टर केअर आहे तेच मुळी मुलाला खाटेवरून उठवून घरात नेण्यासाठी. बालसंगोपनात स्वयंसेवी संस्थेला एका मुलामागे महिन्याला 250 रुपये मिळतात. त्यात कार्यकर्तीचं एसटीचं तिकीट, अहवालाच्या झेरॉक्स आणि दुपारचा वडापाव बसवून दाखवा, मग दुकानाबद्दल बोलू.

राग काढायचाच असेल, तर देखरेखीवर काढावा. फॉस्टर कुटुंबाची दर महिन्याला तपासणी करायची जबाबदारी कायद्याने समितीवर टाकली आहे. प्रत्यक्षात समित्यांच्या मुदती संपतात, नव्या नेमणुका रखडतात आणि एकेका कर्मचाऱ्याकडे अख्ख्या तालुक्याच्या फायली साचतात. आपल्या जिल्ह्यात किती मुलं फॉस्टर घरांत आहेत, गेल्या वर्षी त्यांच्याकडे किती भेटी झाल्या, समितीच्या किती जागा रिकाम्या आहेत, मुलांचे पैसे किती महिन्यांपासून थकलेत, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.